तळाचा सूर

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने चंडीगढला जाण्याचा योग आला आणि तेथील सेक्टर ३९ मध्ये एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस मुक्काम घडला. डिसेंबरचा महिना होता. त्या प्रदेशात हा काळ धुक्याचा आणि लग्नसराईचा. शेजारच्या घरातील पंचविशीचा एक तरुण रोज सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास जुनाट व्हॅनमध्ये सामान भरताना दिसे: एक लांबट पिशवी, जाड वायरींची दोन वेटोळी आणि दोघांनी मिळून उचलावी लागणारी एक काळी पेटी. झिरकपूरच्या बाजूला जी मंगल कार्यालये आहेत, ज्यांना तिकडे मॅरेज पॅलेस म्हणतात, तेथील वाद्यवृंदांत तो वाजवीत असे. काय वाजवतोस असे विचारता त्याने ‘गिटार’ असे उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडलेली पाहिली तेव्हा वाद्याला सहा नव्हे, चारच तारा होत्या. ‘बेस’ म्हटले की पुढे समजावून सांगत बसावे लागते, म्हणून आपण गिटार म्हणून मोकळे होतो, असे त्याने संकोचाने सांगितले.

त्याच्याशी झालेल्या बोलण्यात संगीताविषयीचे बोलणे फारच थोडे होते. तारांचा संच किती महिने पुरवावा, पेटी रात्री दोन वाजता कोणी उचलावी, जेवण कार्यक्रमापूर्वी की नंतर, ठेकेदाराने राखून ठेवलेले मागच्या हंगामाचे पैसे कसे मागावेत की पुढचे काम तुटणार नाही, धुक्यात मोहालीहून परतताना गाडी कोण चालवणार, हेच विषय. प्रथम मला याची थोडी निराशा वाटली. कलावंताने कलेविषयी बोलावे, अशी आपल्या वाङ्मयीन मनाची एक खोड असते. पुढे मात्र वाटू लागले की, आधुनिक भारतीय संगीताच्या इतिहासातील एक संपूर्ण प्रकरण नेमक्या याच प्रश्नांनी बनलेले आहे, आणि ते लिहिले गेलेले नाही याचे कारण आपण असल्या प्रश्नांना इतिहास मानीत नाही, हे आहे.

चंडीगढ हे शहर मुळात एका हरवलेल्या शहराची भरपाई म्हणून उभे राहिले. फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबाला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी ही आखीव नगरी रचली गेली. १ ते ३० हे सेक्टर पहिल्या टप्प्यातले. सेक्टर ३९ नंतरचा. परंतु त्याच हरवलेल्या लाहोरचा आणखी एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोचलेला आहे. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात एका गोमंतकीय वादकाचा वाद्यवृंद होता. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांचे नाव. फाळणीने त्यांचे हॉटेल, त्यांचा श्रोतृवर्ग आणि त्यांची मिळकत एकाच वेळी नाहीशी केली. ते मुंबईस आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा चेहराच घडवला. लाहोरातील नाचघर बंद पडले नसते तर राज कपूरच्या चित्रपटांतील व्हायोलिनांचे ते मोठे ताफे कसे वाजले असते, कोण जाणे. सेबॅस्टियन यांचे नाव आज निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या व्हायोलिनांच्या खाली जो एकटा मनुष्य सहा फुटांचे वाद्य धरून उभा असे, त्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

या वाद्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. डबल बेस हे व्हायोलिन-कुलातील सर्वांत मोठे वाद्य. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘रबेकाँव’ म्हणतात. रबेक म्हणजे व्हायोलिन, आणि पुढचा प्रत्यय मोठेपणा दाखवणारा, म्हणजे आपल्या भाषेत ‘थोरले व्हायोलिन’. चार तारा, आणि सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्या छोट्या रेडिओ संचांवर आणि पुढे ट्रान्झिस्टरवर आपल्या दोन पिढ्यांनी गाणी ऐकली, त्यांच्या कण्र्यातून इतका खालचा सूर नीटसा बाहेर पडतच नसे. घराघरांत पोचताना वादकाचा मूळ स्वर बहुतेक गळून जाई आणि त्याची वरची पुसट छाया तेवढी उरे.

आपल्याकडच्या परंपरेत या भूमिकेशी नाते सांगणारे वादक नाहीत असे नाही. सनईच्या ताफ्यात मुख्य सनईवाल्याच्या शेजारी नुसता सूर धरून बसणारा एक असतो. त्याला गाल फुगवून अखंड एकच स्वर पुरवायचा असतो. तमाशात तुणतुणेवाला असतो. लावणीवर, गवळणीवर, वगावर पाने लिहिली गेली, पण तुणतुण्याचे महत्त्व शाहिराच्या चित्रात एक रेघ काढण्यापुरतेच राहिले. तरीही बेसवादकाचे काम याहून वेगळे आहे. तो एकच सूर धरून राहत नाही, तो चालतो. वर चाल कुठेही फिरो, तिच्या खाली स्वरमेळाचा पाया कोणता हे तो प्रत्येक मात्रेला सांगत असतो, आणि त्याच वेळी तालवाद्यांशी पाऊल जुळवीत असतो. राग-संगीताला स्वरमेळाची गरज नसल्यामुळे तेथे या वाद्याला जागा नव्हती. ती जागा चित्रपटगीताने निर्माण केली. मराठी वा हिंदी संगीतकार चाल देई; तिच्या खालची बेसची ओळ तो देत नसे. ती वाद्यरचनाकार लिहून काढी, किंवा नुसती स्वरमेळांची नावे कागदावर मांडून बाकीचे वादकावर सोपवी. म्हणजे ज्या ओळीवर गाणे उभे राहिले, ती पुष्कळदा त्या अनामिकाने उभ्या उभ्या, घड्याळाकडे पाहत रचलेली आहे.

हा अनामिक आला कोठून? प्रामुख्याने गोव्याच्या खेड्यांतून. चर्चला जोडून असलेल्या पारोकियल शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत. शिकवणारा तो ‘मेस्त’. प्रार्थनासंगीतासाठी दिलेले हे शिक्षण पोटासाठी उपयोगी पडेल, असे शिकवणाऱ्यांच्या मनात असेल असे वाटत नाही. पण शेती तोकडी, नोकऱ्या नाहीत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या पडद्यापुढील वादक, हॉटेले यांना स्वरलिपी वाचणारी माणसे हवी होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपटांच्या साथीची नोकरी थोड्याच काळात संपुष्टात आली. वादकाच्या पोटावर यंत्राने आणलेला हा पहिला मोठा घाव. पुढे आणखी दोन यायचे होते.

मुंबईत आलेला गोमंतकीय तरुण धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांतील ‘कुडी’त उतरे. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेले वसतिगृह. भाडे नाममात्र, भिंतीशी एक वेदी, सायंकाळी प्रार्थना, आणि प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्यापुरती व वळकटी पसरण्यापुरती जागा. व्हायोलिनवाल्याचे वाद्य ट्रंकेवर मावे. ट्रम्पेटवाल्याचे उशाशी राही. डबल बेस ठेवायचा कोठे? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण वाद्य कोणते निवडावे हे गरीब माणसाच्या बाबतीत जागा ठरवते. हॉटेलात कायमची नेमणूक असेल तर वाद्य तेथेच मंचावर राहू शकते. नेमणूक सुटली की वाद्यासह रस्त्यावर. टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधावे, तर भाडे दुप्पट आणि खड्ड्यांची भीती. लोकलने न्यावे, तर सामानाच्या डब्यात, मासळीच्या पाट्या आणि डबेवाल्यांच्या फळ्या यांच्या सोबतीने. त्यात मुंबईचा पावसाळा. सरसाने जोडलेले लाकूड जुलैच्या दमट हवेत फुगते, सांधे सुटतात, आतड्याच्या तारांचा सूर बिघडतो. बँकेतल्या कारकुनाला ‘पाऊस’ हा काव्यविषय असू शकतो. या माणसाला तो खर्चाचा विषय होता.

१९३५ साली लिओन अ‍ॅबी हा आफ्रिकी-अमेरिकी वादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे आले. स्वदेशात ज्यांना वर्णभेदामुळे पुष्कळ हॉटेलांच्या पुढच्या दारातून प्रवेश मिळत नसे, ते येथे साहेबलोकांना नाचवीत होते. आणि त्यांच्याकडून जॅझचे धडे घेत होती ती गोव्याच्या मेस्तांनी तयार केलेली मुले. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ ते १९६० पर्यंत ताजमध्ये होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. या वाद्यवृंदांत नाचणाऱ्यांचे पाय खऱ्या अर्थाने धरून ठेवणारा मनुष्य बेसवादक असे. ड्रम मोठा वाजतो, पण पायाला कळते ते बेसचे पाऊल. उन्हाळ्यात मसुरी, सिमला अशा थंड हवेच्या ठिकाणी हंगामापुरते वाद्यवृंद जात. कालका ते सिमला ही अरुंद लोहवाट, रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. तीतून बेस वर नेणाऱ्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना त्या खेळण्यातल्यासारख्या डब्यांत बसलेल्या कोणालाही करता येईल. वाटेत ज्या मैदानावरून गाडी जाई, तेथे तेव्हा चंडीगढ नव्हते.

दारूबंदी हा या कथेतला एक मोठा टप्पा आहे, आणि तो संगीताच्या इतिहासात क्वचित मोजला जातो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. दारू गेली तसे नाचघरांचे उत्पन्न घटले आणि वाद्यवृंदांतील माणसे कमी होऊ लागली. नीतीच्या नावाने केलेल्या कायद्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे विधिमंडळाच्या चर्चेत येत नाही. त्यापाठोपाठ, १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत गावी जाणे-येणे आणि पैसे पाठवणे दोन्ही अवघड झाले. राष्ट्राच्या दृष्टीने ती योग्य असेलही. कुडीत वळकटीवर पडलेल्या मनुष्याला मात्र ती म्हातारीच्या न पोचलेल्या पैशांच्या रूपानेच समजली असणार.

अशा वेळी चित्रपटाने हात दिला. आमचे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना आपल्या सोबतीस घेतले. १९५१ च्या ‘अलबेला’त गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले मास्टर भगवान नाचले, त्या नाचामागे ताजच्या परंपरेतील पितळी वाद्ये होती, चिक चॉकलेट आणि मंडळी त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. मराठी संगीतकार, मराठी नट-दिग्दर्शक आणि गोमंतकीय वादक यांचा हा संगम आपल्या सांस्कृतिक इतिहासात ‘पाश्चात्त्य अनुकरण’ या दोन शब्दांत निकालात निघतो. मला तो तसा निकालात काढता येत नाही. अनुकरण करणाऱ्याला इतक्या अडचणी सोसाव्या लागत नाहीत.

आता या वादकाचा दिवस पाहावा. रात्री हॉटेलात बाराएकपर्यंत वाजवून सकाळी नऊच्या पाळीला ताडदेव, दादर किंवा वांद्रे येथील ध्वनिमुद्रणगृहात हजर. गाणे तेव्हा सलग मुद्रित होई. साठ माणसांपैकी एकाचे बोट घसरले तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. व्हायोलिनच्या घोळक्यात एखादी चूक झाकली जाते; बेस एकटाच असतो, त्याची चूक झाकायला शेजारी कोणी नाही. त्याच्यावर कोणाचे लक्ष जाते ते केवळ चुकल्यावर. बोटांना फोड येत, त्यांवर चिकटपट्टी लावून वाजवावे लागे; पण चिकटपट्टीने स्वर बोथट होतो, म्हणून ऐन मुद्रणाच्या वेळी ती काढावी लागे. पैसे पाळीवर. वादकांच्या श्रेणी ठरलेल्या, आणि श्रेणीनुसार दर. १९५० च्या दशकात चित्रपट-वादकांची संघटना उभी राहिली, ती प्रथमतः याच प्रश्नांवर: दर काय, पाळी किती तासांची, आणि निर्मात्याने पैसे थकवले तर दाद कोणाकडे मागायची. आपण ‘चित्रपटसंगीताचे सुवर्णयुग’ म्हणतो, ते पाळ्यांमध्ये विभागलेले होते, हे सांगितले की रसिकांना आवडत नाही.

श्रेयाचा प्रश्न तर याहून बिकट. १९४९ च्या ‘महल’मधील गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव छापलेले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जेथे लता मंगेशकरांचे नाव येण्यासाठी वाट पाहावी लागली, तेथे बेसवादकाचे नाव कोण छापणार? येथे एक चमत्कारिक विसंगती दिसते. जॅझच्या तबकड्यांच्या सूची करणाऱ्या अभ्यासकांची शिस्त अशी की, प्रत्येक मुद्रणाखाली कोणते वाद्य कोणी वाजवले हे नोंदवायचे. त्यामुळे हॉटेलातल्या नाचासाठी वाजवलेल्या एखाद्या किरकोळ गतीत बेसवादकाचे नाव टिकून राहते, आणि कोट्यवधींच्या ओठांवर असलेल्या गाण्यात त्याच माणसाचे नाव सापडत नाही. कीर्ती आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या सूचिकारांनी लक्षात घ्यावे.

कायद्याने याकडे पाहिले ते फार उशिरा. प्रतिलिप्याधिकाराचा कायदा १९५७ चा. त्यात सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. मात्र चित्रपटात आपले सादरीकरण समाविष्ट करण्यास एकदा संमती दिली की तो हक्क उरत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वधनाची तरतूद आणली. पण त्याबरोबर एक परंतुकही आणले. ज्याचे सादरीकरण प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढ प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कोठेच दिले जात नाही, त्याला चित्रपटाच्या बाबतीत, एका मर्यादित नैतिक हक्काचा अपवाद सोडता, सादरकर्ता समजू नये, असे ते सांगते. हे वाक्य मी कायद्याचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी म्हणून पुन्हा पुन्हा वाचले. बेसची ओळ आनुषंगिक की मूलभूत, हे ठरवणार कोण? आणि नाव न देण्याची प्रथा ज्यांनी पाडली, त्यांनाच त्या प्रथेचा लाभ का मिळावा? ज्या धंद्याने माणसाला नाव दिले नाही, त्याच धंद्याचे मौन पुढे पुरावा म्हणून चालते.

वाद्य बदलले ते १९५१ नंतर. त्या वर्षी कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. सहा फुटांचे वाद्य खांद्यावरच्या पिशवीत आले. पण भार नाहीसा झाला असे समजू नये. तो वाद्यातून ध्वनिवर्धकाच्या पेटीत गेला. परवान्यांच्या आणि जबर आयातशुल्काच्या त्या काळात परदेशी वाद्य मिळवणे म्हणजे बोटीवरच्या एखाद्या गाववाल्याची मनधरणी करणे. हिंदी चित्रपटांत राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी या वाद्याला पुढे आणले; १९७० च्या दशकातील त्यांची गाणी बेसच्या ओळीवरून ओळखता येतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. लुई बँक्स यांच्यासोबत वाजवणाऱ्या कार्ल पीटर्स यांनी जॅझमध्ये नाव मिळवले. नाव असलेले बेसवादक मोजायला हाताची बोटे पुरतात, ही त्या नावांइतकीच बोलकी गोष्ट.

महाराष्ट्रात हे वाद्य गावोगाव नेले ते ‘ऑर्केस्ट्रा’ने. पुण्याचा मेलडी मेकर्स, प्रमिला दातार यांचा ‘सुनहरी यादें’ आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकणारे असंख्य लहानमोठे ताफे. आमच्या लहानपणी गणेशोत्सवात असा ताफा आला की मुलांची गर्दी गायिकेच्या बाजूला असे. मी मात्र का कोण जाणे, कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या, एकाही गाण्यात पुढे न येणाऱ्या त्या उंच माणसाकडे पाहत असे. तो प्रेक्षकांकडे पाहत नसे, ड्रमवाल्याच्या पायाकडे पाहत असे. या ताफ्यांनी तमाशाकडून एक शब्द घेतला: सुपारी. सुपारी आली म्हणजे काम ठरले. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, मग लग्नसराई, आणि पावसाळ्यात शुकशुकाट; हे वेळापत्रकही तमाशाचेच. बसच्या टपावर पेट्या, आत बसल्या बसल्या झोप, पहाटे पुढचे गाव. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली तेव्हा झोपमोड झालेल्या नागरिकांना न्याय मिळाला, आणि तो योग्यच होता. ज्यांची पाळी दहाला सुरू होत असे त्यांचे गणित मात्र बदलले. बेसच्या कंपनांनी खिडक्या थरथरतात, त्यामुळे तक्रार आली की प्रथम कमी करायला सांगतात तो बेस. (ग्रामीण मराठीत ‘बेस’ म्हणजे झकास, आणि शहरी उच्चारात तोच शब्द ‘बास’ झाला की त्याचा अर्थ ‘पुरे’. या वादकाच्या नशिबी दुसराच अर्थ अधिक आला.)

साहित्याने या माणसाकडे कसे पाहिले? चेखॉव्हने १८८६ मध्ये डबल बेस वाजवणाऱ्यावर एक कथा लिहिली. तीत नदीवर कपडे चोरीला गेलेला वादक तशाच अवस्थेतील एका राजकन्येला वाद्याच्या पेटीत लपवतो. झ्यूसकिंड या जर्मन लेखकाचे ‘कॉन्ट्राबास’ हे एकपात्री नाटक १९८१ साली म्युनिकमध्ये रंगमंचावर आले; त्यातला वादक आपल्या वाद्यावर जळफळत, बीअर पीत, तिसऱ्या रांगेतील आपले स्थान मोजत बसतो. दोन्ही कृती श्रेष्ठ आहेत आणि दोन्हींत बेसवादक विनोदाचा विषय आहे. वाद्याचा आकारच तसा, असे म्हणता येईल. पण झ्यूसकिंडच्या माणसाला सरकारी वाद्यवृंदातील नोकरी आहे, निवृत्तिवेतन आहे. त्याचे दुःख स्थैर्याचे दुःख आहे. त्याच वाद्यावर व्हिएन्नात १९५० च्या दशकात एक मुंबईचा विद्यार्थी बोटे झिजवीत होता, तो पुढे संगीतसंचालक झुबीन मेहता म्हणून जगाला माहीत झाला. बेसच्या जागेवरून सगळा वाद्यवृंद एका दृष्टिक्षेपात दिसतो, त्याचा त्यांना उपयोग झाला असेल. आमच्या कुडीतल्या माणसाला नोकरीही नव्हती आणि संचालकपदही. आणि त्याच्यावर विनोदी कथासुद्धा कोणी लिहिली नाही. मराठी कथेने कारकून, मास्तर, गिरणी कामगार, हमाल, सर्वांना घर दिले. दाराशी आलेल्या बँडवाल्याला मात्र तिने फार वेळ आत बोलावले नाही.

यंत्राचा दुसरा घाव आला तो डिस्कोच्या रूपाने. हॉटेलांना कळले की तबकडी जेवण मागत नाही. तिसरा १९८० नंतरचा. संश्लेषक वाद्ये आली, मग संगणक. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाचे एक चिमुकले यंत्र काढले. त्याचे प्रयोजन उघड होते: एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसवादकाशिवाय सराव करता यावा. संगीताच्या इतिहासात एखाद्या माणसाच्या जागी बसण्यासाठीच केलेले इतके स्पष्ट यंत्र क्वचित सापडेल. आणि १९८२ साली मुंबईत ते यंत्र वापरून दहा रागांची एक तबकडी ज्याने काढली, तो स्वतः अनेक वर्षे चित्रपटांच्या पाळ्यांत गिटार आणि बेस वाजवीत आलेला, लग्नसमारंभांतून वाद्यवृंद घेऊन हिंडणारा एक पंजाबी वादक होता: चरणजित सिंग. तबकडी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये एका डच प्रकाशनाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातील तरुण थक्क झाले. ज्या यांत्रिक संगीताचा जन्म आपण शिकागोत समजत होतो, त्याच्यासारखे काही मुंबईत आधीच होऊन गेले आहे, असे त्यांना वाटले. वृद्ध चरणजित सिंग यांना परदेशात मानाने बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. या प्रकरणाचे कौतुक नेहमी योगायोग म्हणून केले जाते. मला त्यात योगायोग दिसत नाही. आपल्या जागी येणाऱ्या यंत्राला त्या जागेचे काम काय असते हे दाखवण्यास, ते काम केलेल्या माणसाइतका लायक दुसरा कोण होता?

मुक्कामाच्या अखेरच्या रात्री सेक्टर ३९ मधील त्या तरुणाला मी हेच विचारले. ठेकेदाराच्या लॅपटॉपमध्ये सगळ्या गाण्यांचे बेस आधीच भरलेले असतात, हे तो जाणून होता. लग्नघरच्यांनी घासाघीस केली आणि एक माणूस कमी करायचा ठरला, तर कोणाला सांगितले जाते हेही त्याला माहीत होते. दोन हंगामांत सहा वेळा तसे झाले होते. त्यावर त्याने उपाय काढला होता. व्हॅन त्याच्या वडिलांची होती, तिची जुळवाजुळव करून तो आता सगळ्या वाद्यवृंदाचे सामान स्वतःच वाहून नेऊ लागला होता. बेसवाला नको म्हणता येते. गाडी नको म्हणता येत नाही. गाडीचे भाडे आणि वादनाची बिदागी एकाच पाकिटात मिळत असे, आणि त्यातले कशाचे किती हे तो विचारीत नसे.

साडेसहाला त्याने व्हॅनचे मागचे दार लावले. पेटी उचलताना दुसरा माणूस वेळेवर आला नव्हता, म्हणून एका बाजूला मी हात दिला. ती अपेक्षेहून बरीच जड होती.